रोलर कोस्टरची पहिली फेरी

वाशीम जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांतील शिरपूर जैन या गांवीं श्रीअंतरिक्ष पार्श्वनाथांचें प्राचीन मंदिर आहे. मूर्ति भूमीला न टेकतां अधांतरीं राहिली आहे, अशी तेथील परंपरा. एके काळीं तिच्या खालून घोडेस्वार निघून जाई, आतां वस्त्र निघतें, असें भाविक सांगतात. जैनांच्या दोन्हीं पंथांना हें स्थान वंदनीय आहे. त्यामुळें 'अंतरिक्ष' हा शब्द शिरपूरच्या मुलाला पाठ्यपुस्तकांतून शिकावा लागत नाहीं. घरांत, बाजारांत, एस. टी. च्या थांब्यावर तो त्याच्या कानीं पडलेला असतो. श्रद्धेचा विषय श्रद्धेच्या ठिकाणीं राहो. परंतु पायांखालचा आधार सुटला म्हणजे माणसाला काय वाटतें, हा प्रश्न अलीकडे या मुलापुढें अगदीं निराळ्या मार्गानें येऊं लागला आहे.

तो मार्ग असा. दिवाळीच्या सुटींत चौदा-पंधरा वर्षांचा भाचा शिरपूरहून पुण्याला किंवा मुंबईला मामाकडे येतो. मामानें खोपोलीजवळच्या करमणूक उद्यानाचीं तिकिटें आधींच काढून ठेवलेलीं असतात. मामेभावांनीं तेथील रोलर कोस्टरची फेरी पूर्वीं केलेली असते, आणि मोबाइलवर तिचीं चलच्चित्रें पाहुण्याला दाखवूनहि झालेलीं असतात. या सगळ्या आदरातिथ्यांत एक गोष्ट मात्र राहून जाते. 'बाबा रे, तुला बसायचें आहे का?' असें त्या पोराला कोणी विचारीत नाहीं. विचारलेंच, तरी 'भेव लागते' हें आपलें सरळ वऱ्हाडी उत्तर तो शहरांतल्या चार भावंडांसमोर उच्चारणार नाहीं. या विषयांतील निम्मी अडचण यंत्राची आहे आणि निम्मी या न बोलण्याची. यंत्राची अडचण समजावून देतां येते. म्हणून तिच्यापासून आरंभ करणें सोयीचें.

रोलर कोस्टरची गाडी पाहून प्रथम वाटतें कीं, तिच्यांत एखादें भयंकर सामर्थ्याचें इंजिन असावें. वस्तुतः गाडींत इंजिन मुळींच नसतें. बहुतेक ठिकाणीं एक साखळी तिला पहिल्या चढावरून ओढून माथ्यापर्यंत नेते आणि तेथें सोडून देते. पुढील सारा प्रवास विहिरींत टाकलेल्या दगडाच्या जातीचा; फरक इतकाच कीं, या दगडाला रूळ आहेत. खोपोलीजवळील इमॅजिका हें उद्यान २०१३ च्या एप्रिलमध्यें उघडलें, आणि त्याच वर्षीं तेथें 'नायट्रो' नांवाची गाडी सुरू झाली. तिची उंची सुमारें ४० मीटर, म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीएवढी आहे. नववीच्या वर्गांत शिकविलें जाणारें सूत्र येथें लावून पाहावें. ४० मीटरांवरून सुटलेल्या वस्तूचा वेग तळाशीं सेकंदाला २८ मीटर, अर्थात् ताशीं सुमारें १०० किलोमीटर होतो. मुलानें हें गणित घरीं वहींत एकदां करून पाहिलेलें बरें. जो वेग आपण स्वतः मांडून काढला, त्याचें भय थोडें उतरतें. त्याच गणितांतून आणखी एक गोष्ट निघते. घर्षणानें व वाऱ्यानें वेग खर्चीं पडत जातो. म्हणून पुढला प्रत्येक उंचवटा पहिल्यापेक्षां ठेंगणा ठेवावाच लागतो. सर्वांत मोठा धक्का पहिल्या उतारालाच बसतो. तो पार पडला म्हणजे यंत्राची पुंजी उतरणीला लागली, असें खुशाल समजावें.

या खेळाचा जन्म रशियांतील बर्फांत झाला. अठराव्या शतकांत सेंट पीटर्सबर्गच्या आसपास हिवाळ्यांत लांकडी सांगाडे उभारून त्यांवर पाणी ओतीत. तें गोठलें कीं सत्तर-ऐंशी फूट उंचीवरून लोक घसरत येत. पुढें १८१७ सालीं पॅरिसमध्यें चाकांच्या गाड्या पन्हळींतून धावूं लागल्या. फ्रेंच लोक या खेळाला 'रशियन डोंगर' म्हणतात, आणि मौज अशी कीं, रशियन लोक त्याला 'अमेरिकन टेकड्या' म्हणतात; दोघेहि आपल्यावरचा आळ शेजाऱ्यावर ढकलतात. अमेरिकेंत १८८४ सालीं न्यू यॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्प्सन यानें पांच सेंट भाड्याची अशी गाडी चालविली. तिचा वेग ताशीं अवघा सहा मैल होता. शिरपूरच्या रस्त्यानें सायकल हांकणारा पोरगा तिला सहज मागें टाकील. पण त्या काळच्या लोकांना तेवढ्यानेंहि धडकी भरे, आणि पुनः बसण्यासाठीं ते रांगा लावीत.

'गाडी रुळांवरून उडून कां जात नाहीं?' हा मुलाच्या मनांतला पहिला प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे. आगगाडीचें चाक रुळावर केवळ टेकलेलें असतें. येथें तसें नाहीं. रोलर कोस्टरच्या प्रत्येक आंसापाशीं चाकांचे तीन जथे असतात. एक जथा रुळाच्या वर धावतो, दुसरा कडेनें, आणि तिसरा रुळाच्या खालून. तीन बाजूंनीं बोटांनीं काठी पकडावी, तशी ही चाकें रुळाला धरून असतात. खालच्या चाकाची ही युक्ति जॉन मिलर या अमेरिकन कारागिरानें १९१९ सालीं काढली, आणि तिच्यामुळेंच उंच माथे व तीव्र उतार शक्य झाले. १९५९ सालीं कॅलिफोर्नियांतील डिस्नेलँडमध्यें पोलादी नळ्यांचे रूळ आले. तेव्हांपासून गाडीला वाटेल तसें वळवितां येऊं लागलें. चढावर ऐकूं येणारा कट्-कट् असा आवाज पुष्कळांच्या काळजाचा ठोका चुकवितो. खरें पाहतां तो आवाज धीर देणारा आहे. रहाटाचें चक्र उलटें फिरूं नये म्हणून त्याला जसा अडसर असतो, तसाच अडसर गाडीखालीं दांत्यादांत्यावर पडत जातो. साखळी तुटली तरी गाडी मागें घसरणार नाहीं, असें तो आवाज प्रत्येक हातावर सांगत असतो.

उभ्या वर्तुळाची कथा यापेक्षां बोधक आहे. १८९५ सालीं कोनी आयलंडवर गाडी उलटी करून नेणारें एक वर्तुळ बांधलें गेलें. तें अगदीं परकारानें काढल्यासारखें वाटोळें होतें, आणि तोच त्याचा दोष होता. वाटोळ्या वर्तुळांत गाडी माथ्यावरून जेमतेम निभावून जाईल एवढाच वेग धरला, तरी तळाशीं माणसाला आपलें वजन सहापट भासतें, असें गणित सांगतें. प्रत्यक्षांत भार त्याहूनहि अधिक येई. बसणाऱ्यांच्या माना दुखावूं लागल्या आणि तें वर्तुळ कांहीं वर्षांतच मोडीत निघालें. १९७६ सालीं कॅलिफोर्नियांत जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगल याच्या गणितावर नवें वर्तुळ उभें राहिलें. तें उलट्या धरलेल्या थेंबासारखें होतें. खालीं, जेथें वेग फार, तेथें वळण ऐसपैस. वर, जेथें वेग मंदावतो, तेथें वळण आंवळ. आजचीं बहुतेक वर्तुळें याच घाटाचीं असतात. म्हणून डोकें खालीं आणि पाय वर झाले असतांनाहि बसणारा आसनाकडेच दाबला जातो. पुष्कळांना आपण उलटे झालों होतों हें खालीं आल्यावरच कळतें.

आतां पोटांतील खड्ड्याविषयीं. महाशिवरात्रीच्या सुमारास शिरपूरला जानगीर महाराजांची यात्रा भरते. कोणत्याहि मोठ्या यात्रेंत रहाटपाळण्यांत बसलेल्या मुलानें ही खूण ओळखली असेल: पाळणा वर जातांना कांहीं वाटत नाहीं, खालीं येतांना मात्र पोटांत गोळा उठतो. आपलें वजन आपल्याला कळतें तें पृथ्वी ओढते म्हणून कळतें, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु शरीराला प्रत्यक्ष जाणवतो तो खालच्या आसनाचा किंवा जमिनीचा वर येणारा रेटा. आसनच आपल्याबरोबर खालीं पडूं लागलें म्हणजे तो रेटा नाहींसा होतो. पृथ्वीची ओढ होती तेवढीच आहे. जाणीव मात्र हरपते. आंतडीं, जठर हे अवयव एरवीं एकमेकांवर भार टाकून बसलेले असतात. तेहि त्या क्षणीं हलके होतात, आणि त्यालाच आपण पोटांत खड्डा पडला असें म्हणतों. नायट्रोच्या गाडीला पायांखालीं फरशी नाहीं. सुटण्यापूर्वीं फलाटाचीच फरशी खालीं ओढून घेतात, आणि बसणाऱ्याचे पाय उघड्या हवेंत लोंबकळत राहतात. तेथें बसलेला शिरपूरचा मुलगा क्षणभर स्वतःच अधांतरीं होतो, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

उताराच्या तळाशीं याच्या अगदीं उलट प्रकार घडतो. गाडी खालून वर वळतांना आसन अंगावर चढून येतें, आणि मोठ्या गाड्यांत वजन तीनपट-चौपट भासतें. पन्नास किलोच्या मुलाला एक-दोन सेकंद आपण दीडशें-दोनशें किलोचे आहों असें वाटतें. त्यांत डोक्याचें वजनहि तितक्याच पटीनें वाढतें, आणि तें तोलण्याचें काम एकट्या मानेवर येतें. पहिल्या फेरीचा सर्वांत महत्त्वाचा नियम यांतूनच निघतो. पाठ आणि डोकें मागच्या उशीला टेकवून, ताठ बसावें, आणि सोबत्याचें तोंड पाहण्यासाठीं मान वळवूं नये. मामेभाऊ किती ओरडतो आहे हें पाहण्याचा मोह अनावर असतो. पण एखाद्या वळणावर मान लचकते ती याच मोहापायीं. तळाकडे येतांना पोटाचे व मांड्यांचे स्नायु आवळून धरावे. रक्त पायांकडे उतरतें तें त्यानें कांहींसें रोखलें जातें, आणि डोळ्यांपुढें अंधारी येण्याचें टळतें.

मळमळीचें कारण निराळें आहे. कानाच्या आंत तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. त्यांतील द्रव हलला कीं मेंदूला आपण कोणीकडे वळलों तें समजतें. डोळे मिटून बसलेल्या माणसाच्या कानांकडून एक बातमी जाते आणि डोळ्यांकडून कांहींच जात नाहीं. या घोटाळ्यांत मेंदू गडबडतो आणि पोट ढवळून येतें. घाटांतून जाणाऱ्या एस. टी. मध्यें पुस्तक वाचणाऱ्याची जी गत होते, तीच ही. म्हणून भीतीनें डोळे मिटून घेणें हा नवख्याचा स्वाभाविक उपाय नेमका उलटा पडतो. डोळे उघडे ठेवावे आणि पुढचा रूळ कोठें वळतो तिकडे पाहात राहावें. वळण आधीं दिसलें म्हणजे शरीर त्यासाठीं सावरून बसतें. ओरडावेंसें वाटलें तर ओरडावें. त्यांत कमीपणा नाहीं. भिऊन श्वास कोंडून धरणाऱ्यापेक्षां ओरडणारा बरा. तो निदान श्वास तरी सोडतो.

जागा कोणती घ्यावी? जाणते लोक पुढची किंवा मागची घेतात. पुढें देखावा सगळा उघडा मिळतो. मागच्या डब्याला पुढचे डबे माथ्यावरून हिसका देऊन ओढून नेतात, म्हणून हलकेपणा तेथें अधिक भासतो. नवख्यानें मधल्या रांगेंत बसावें. तेथें दोन्हीं प्रकार सौम्य असतात. खांद्यावरून येणारी चौकट किंवा मांडीवरचा दांडा स्वतः खालीं ओढून तो अंगाशीं घट्ट लागला आहे ना हें पाहावें, आणि नोकर येऊन हलवून पाहतो तेव्हां अंग चोरून पोकळी ठेवूं नये. जाडजूड जाकीट अंगांत असेल तर तें आधींच काढावें, कारण त्याच्यामुळें चौकट बसल्याचा भास होतो आणि नंतर जागा सुटते. खिशांतील मोबाइल, किल्ल्या, नाणीं बाहेर ठेवावीं. ताशीं शंभर किलोमीटरांच्या वेगांत हातून निसटलेला मोबाइल मागच्या रांगेंतल्या कोणाच्या तरी कपाळावर आदळतो, आणि तो दगडच होय. मुलींनीं वेणी घट्ट बांधून पोलक्यांत खोंचावी. ओढणी घेऊन अशा गाडींत बसूं नये. चष्मा असेल त्यानें तो काढून द्यावा किंवा दोरीनें बांधावा.

प्रवेशापाशीं उंचीची पट्टी लावलेली असते. ती अपमानासाठीं लावलेली नाहीं. चौकट ठराविक बांध्याच्या शरीराला धरण्यासाठीं बेतलेली असते. त्याहून आखूड शरीर तिच्यांतून निसटूं शकतें. टांचा उंच करून दोन बोटें मिळविणाऱ्या मुलाला घरचीं माणसें कौतुकानें हंसतात. हें कौतुक महागांत पडणारें आहे. फलकावर ज्या व्याधी लिहिलेल्या असतात, त्याहि वाचाव्या. हृदयाचा विकार, फेंफरें, पाठीच्या किंवा मानेच्या कण्याचें दुखणें, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांपैकीं कांहीं असेल तर डॉक्टरांनीं स्पष्ट अनुज्ञा दिल्यावांचून बसूं नये. येथें पुनः त्या न बोलण्याचा प्रश्न येतो. भाच्याला लहानपणीं आंकडी येत असे, ही गोष्ट आईला ठाऊक असते. मामाला ती कोणी सांगितलेली नसते. ताईनें पोराला गाडींत बसवून देतांना लाडवांच्या डब्याबरोबर एवढी माहितीहि पाठवावी.

खाण्याविषयीं थोडें. शिरपूरहून निघालेला मुलगा रात्रभराचा प्रवास करून आलेला असतो. झोप अर्धवट, पोट बिघडलेलें. त्यांत सकाळीं खोपोलीचा प्रसिद्ध बटाटावडा दिसला कीं दोनाचे चार होतात, आणि अकराच्या सुमारास तो सारा ऐवज उलटा येतो. पोट भरलेलें नसावें, तसें रिकामेंहि नसावें. साधें कांहीं खाऊन दीड-दोन तास जाऊं द्यावे. पाणी मात्र थोडें थोडें पीत राहावें. आल्या दिवशींच उद्यानांत नेण्याची घाई करूं नये, एक रात्र स्वस्थ झोपूं द्यावें. एवढ्या सहलींत जोखीम कोठें असेल तर ती बहुधा रस्त्याच्या प्रवासांतच असते. १ जुलै २०२३ रोजीं पहांटे समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस प्रवासी मृत्युमुखीं पडले. वाशीमकडील लोकांना तें स्थळ परकें नाहीं. तरीहि रात्रीच्या बसला कोणी भीत नाहीं आणि रुळांना तीन बाजूंनीं धरलेल्या गाडीला सगळे भितात. भीतीचा हिशोब असाच असतो.

याचा अर्थ या गाड्यांना अपघात होतच नाहींत, असा नव्हे. इंग्लंडमध्यें ऑल्टन टॉवर्स या उद्यानांत २ जून २०१५ रोजीं माणसांनीं भरलेली गाडी रुळांवर थांबलेल्या रिकाम्या गाडीवर आदळली. सोळा जण जखमी झाले आणि दोन तरुणींचे पाय कापावे लागले. त्या अपघाताची चौकशी वाचण्यासारखी आहे. रोलर कोस्टरचा मार्ग आगगाडीच्या मार्गाप्रमाणेंच तुकड्यांत विभागलेला असतो. पुढच्या तुकड्यांत गाडी असेल तर यंत्र मागच्या गाडीला पुढें जाऊं देत नाहीं. त्या दिवशींहि यंत्रानें भरलेली गाडी बरोबर अडविली होती. मार्ग मोकळा आहे, यंत्रच चुकतें आहे, अशी समजूत होऊन माणसांनीं तो अडसर बाजूला सारला आणि गाडी सोडली. कंपनीला पुढें पन्नास लाख पौंड दंड झाला. यांतून नवख्यानें घ्यावयाचें तें एवढेंच कीं, गाडी मध्येंच थांबली तर घाबरूं नये. थांबणें हें बहुधा यंत्र आपलें काम करीत असल्याचें लक्षण असतें. चौकट सोडविण्याचा प्रयत्न न करतां, नोकर येऊन सांगेपर्यंत जागेवर बसून राहावें; मग उंची कितीहि असो.

आपल्या देशांतील अपघात मात्र निराळ्या जातीचे असतात, आणि त्यांत निष्काळजीपणाचा भाग अधिक दिसतो. १४ जुलै २०१९ रोजीं अहमदाबादेस कांकरिया तलावाकांठीं झोंक्यासारखा हलणारा एक मोठा पाळणा मध्येंच तुटून खालीं कोसळला आणि दोघांचा मृत्यु झाला. २०२५ च्या एप्रिलमध्यें दिल्लींतील एका उद्यानांत रोलर कोस्टरवरून पडून एक तरुणी मरण पावली. म्हणून कोणत्या गाडींत बसावें याची निवड ही पहिली खबरदारी होय. कायम उभारलेल्या मोठ्या उद्यानांत रोज सकाळीं दारें उघडण्यापूर्वीं गाड्या रिकाम्या फिरवून पाहण्याची चाल आहे. यात्रेंतला पाळणा आठ दिवसांसाठीं उभा राहतो आणि नवव्या दिवशीं ट्रकवर चढतो. त्याचा प्रत्येक खिळा वर्षांतून कितीदां तरी काढला व घातला जातो. तेथें पालकांनीं तिकीट काढण्यापूर्वीं पांच मिनिटें नुसतें उभें राहून पाहावें. पायांखालीं विटा आणि लांकडाचे तुकडे कोंबले आहेत काय, फिरतांना सांगाडा हेलकावे खातो काय, खिट्टीच्या जागीं तार गुंडाळली आहे काय, चालविणारा माणूस प्रत्येकाची कडी स्वतः लावतो कीं मोबाइलवर बोलत दांडा ओढतो. यांतील एकहि गोष्ट खटकली तर मुलाला तेथून हातीं धरून दूर न्यावें. तो रडला तरी चालेल. खोपोलीच्या गाडीला भिणारे पालक गांवच्या ब्रेक डान्सच्या पाळण्यांत दोन पोरें एका जागेंत कोंबून बसवितात, हें दृश्य दुर्मिळ नाहीं.

निम्मी अडचण न बोलण्याची आहे, असें आरंभीं म्हटलें. तिचा उपाय मोठ्या माणसांच्या हातीं आहे. मामानें भाच्याला घरींच, मामेभाऊ जवळ नसतांना, एकट्याला गांठून विचारावें. आणि 'नाहीं' आलें तर कारण विचारूं नये. उद्यानांत गेल्यावर थेट सर्वांत मोठ्या गाडीपाशीं न जातां लहान उंचीच्या, न उलटणाऱ्या गाडीपासून सुरुवात करावी. तेथें पोरानें हंसत खालीं उतरून पुनः रांग धरली, तर पुढचें पाऊल तो आपण होऊन टाकील. मोठ्या गाडीखालीं उभें राहून ती चार वेळां जातांना पाहूं द्यावी. चेहरा पांढरा पडून वर गेलेलीं माणसें खालीं कशीं येतात हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें म्हणजे तें शंभर उपदेशांहून अधिक उपयोगी पडतें. आणि अगदीं रांगेच्या टोकाशीं, आसनाला हात लागल्यावरहि, परत फिरण्याची मुभा आहे हें त्याला आधींच सांगून ठेवावें. बऱ्याच उद्यानांत फलाटाच्या पलीकडे बाहेर पडण्याची वाट असते. नोकरांना असे प्रसंग नवे नसतात आणि ते हंसत नाहींत. हंसतात ते घरचेच. 'एवढा मोठा झालास आणि भितोस?' हें वाक्य ज्या घरांत बोललें जातें, त्या घरचा मुलगा कानांतली चक्कर, छातींतली धडधड, सैल राहिलेली चौकट यांपैकीं कांहींच पुढें कोणाला सांगत नाहीं. तेथून खरा धोका सुरू होतो. चौकट सैल वाटली तर हात वर करून मोठ्यानें हांक मारण्यास जें धैर्य लागतें, तें फेरींत बसण्याच्या धैर्यापेक्षां कमी नाहीं. आणि तें घरूनच आणावें लागतें.

जो बसला, त्याच्यापुढें मग चढ येतो. पाठीवर रेलल्यासारखें होतें, आकाशाखेरीज कांहीं दिसत नाहीं, आणि तो कट्-कट् आवाज चाललेला असतो. या अर्ध्या-एक मिनिटांत मन सर्वांत जास्त भितें. हात घामेजतात, उतरून जावेंसें वाटतें. तेव्हां हातांनीं चौकट धरावी, खांदे सैल सोडावे आणि सावकाश श्वास सोडावा. माथ्यावर क्षणभर शांतता होते. पुढें जें होतें तें इतक्या झपाट्यानें होतें कीं भिण्याला सवडच सांपडत नाहीं. सारी फेरी दोन-अडीच मिनिटांत आटोपते.

खालीं उतरल्यावर गुडघे लुळे पडल्यासारखे वाटतात आणि हात थरथरतात. तो शरीरांत उसळलेल्या रसायनांचा परिणाम आहे; सावलींत बसून पाणी प्यालें कीं दहा-पंधरा मिनिटांत निवळतो. तेवढा वेळ गेल्याशिवाय दुसऱ्या फेरीची रांग धरूं नये, मामेभावांनीं कितीहि ओढलें तरी. एका दिवसांत मोठ्या गाडीच्या दोन-तीन फेऱ्या नवख्याला पुरे होतात. संध्याकाळपर्यंत डोकें ठणकत राहिलें, मानेंतून कळ हातांत उतरूं लागली, एकाचें दोन दिसूं लागलें किंवा वारंवार उलट्या झाल्या, तर तो थकवा समजून झोपवूं नये. त्याच दिवशीं डॉक्टरांना दाखवावें, आणि दुपारीं रोलर कोस्टरमध्यें बसला होता हें त्यांना न विसरतां सांगावें.